बुधवार कोणाचा?

माझी मावशी माझ्या आईची बहीण नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण लोक अर्ध्यावर अडवून विचारतात आणि मग मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. मी बस चालवते, दोन थांब्यांच्या मध्ये घंटी मारलेली मला खपत नाही.

मावशी म्हणजे आईची मैत्रीण. दोघी एका छापखान्यात कामाला होत्या. आई छापलेल्या कागदांच्या घड्या घालायची आणि मावशी त्या घड्या शिवून पुस्तक करायची. बारा वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघींनी छापखान्यातल्या झाडून सगळ्यांची उणीदुणी काढली, आणि त्यातून जी मैत्री झाली ती चांगली टिकाऊ निघाली. छापखाना बंद पडला तेव्हा आई एका दुकानात लागली आणि मावशीनं आपल्या दोन खोल्यांतच बाइंडिंगचं काम सुरू केलं. तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार. बाहेरच्या खोलीत लांबलचक टेबल, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, कोपऱ्यात कागद कापायचं यंत्र आणि खिडकीशी शिकंजा. शिकंजा म्हणजे नुकतीच चिकटवलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. वरचं चाक फिरवून आवळलं की पुस्तकांची हलायची बिशाद नसते. इमारतीत मावशीलाही शिकंजाच म्हणत. अर्थात तिच्या पाठीमागे.

आत स्वयंपाकघर होतं, पण तिथेही एका शेगडीवर मैद्याची खळ शिजत असे. मावशीच्या खळीत आणि तिच्या स्वयंपाकात फरक एवढाच, की खळीत गुठळी झालेली तिला चालत नसे.

बोलणं कमी आणि हट्ट भरपूर. एकदा एक गृहस्थ जुनं पुस्तक घेऊन आले. त्यातली दोन पानं गेली होती आणि त्यांना ते विकायचं होतं. "असं बांधा की कोणाच्या लक्षात येऊ नये," ते म्हणाले. मावशी म्हणाली, "मी तिथे दोन कोरी पानं घालीन. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे काहीतरी होतं." गृहस्थांनी बरीच मनधरणी केली. मावशीनं पुस्तक कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवलं आणि दार उघडून उभी राहिली. लपवाछपवीची तिला शिसारीच होती, आणि हे पुढे आमच्या मुळावर येता येता राहिलं.

आई आणि मी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा नावाचं प्रकरण मी जन्मायच्या आधीच निघून गेलं होतं. त्याचा पत्ता कोणाकडे नव्हता आणि कोणी मागितलाही नाही. मी आठ वर्षांची असताना आई आजारी पडली. साधं दुखणं नव्हतं. आठ महिने दवाखाना चालला, आणि त्या आठ महिन्यांत आमच्या घराला आणखी तीन माणसं येऊन चिकटली.

पहिले सलूनकाका. तळमजल्यावर त्यांचं सलून. गिऱ्हाइकाच्या मानेवर कापड बांधलं की यांच्या तोंडाचा पट्टा सुरू, तो खुर्चीवरून उठेपर्यंत. आईचे केस औषधानं गळायला लागले तेव्हा ती स्वतःहून खाली गेली. काकांनी सलूनचं शटर अर्ध्यावर ओढलं, आईला खुर्चीत बसवलं आणि डोकं भादरून दिलं. सावकाश, अगदी हलक्या हातानं. मी बाकावर बसले होते. त्या अर्ध्या तासात त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. बडबड्या माणसाला गप्प बसायला किती कष्ट पडतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

दुसरी कंडक्टरताई, मावशीच्या समोरच्या दारातली. भरल्या बसमध्ये ओरडून ओरडून तिला घरातही हळू बोलता यायचं नाही. तिच्या गाडीनं आई दवाखान्यात जायची, आणि आई चढली की पुढच्या सीटवर बसलेला माणूस, कोणी का असेना, उठवला जायचा. "उठा साहेब, तुमचे पाय बघा आणि यांचे बघा." साहेब उठायचे.

तिसरे घड्याळआजोबा. जिन्याखाली कपाटाएवढी जागा, तिच्यात आजोबा आणि दोनशे घड्याळं. वय सत्तर, एका डोळ्याला भिंग. बोलायचं असलं की भिंग कपाळावर सरकवायचे आणि मग ते तिथेच विसरून दिवसभर शोधायचे. बायको गेलेली, मुलं नाहीत. घड्याळाच्या चाकांचे दात मोजायला लावून त्यांनी मला पाढे शिकवले. माझा सतराचा पाढा आजही पक्का आहे.

कोणी ठरवलं नव्हतं, पण माझे वार वाटले गेले. मला शाळेतून आणणं, खायला घालणं, अभ्यासाला बसवणं हे सोमवारी आणि गुरुवारी सलूनकाका करायचे, मंगळवारी आजोबा, बुधवारी कंडक्टरताई, कारण तिची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असायची. शुक्रवारी मावशी. बुधवारी शाळा लवकर सुटायची, त्यामुळे तो सगळ्यांत मोठा आणि मानाचा वार होता. मधेच डेपोनं ताईची सुट्टी बदलली आणि बुधवार आजोबांकडे गेला. पुढे ताईनं डेपोत भांडून सुट्टी परत बुधवारी आणली, पण आजोबा काही वार सोडायला तयार होईनात. ही कुरबूर चालू असतानाच आई गेली.

ते दिवस मी इथे सांगणार नाही. ते माझे आहेत.

आईनं एका कागदावर लिहून ठेवलं होतं की मुलीनं मावशीकडे राहावं. कागदावर सही होती, पण शिक्का नव्हता, साक्षीदार नव्हते. आईचा एक चुलतभाऊ दूरच्या गावी होता. त्यानं दोन ओळींचं पत्र पाठवून हात झटकले. मग प्रकरण बालकल्याणच्या कार्यालयात गेलं. त्यांनी मला सहा महिन्यांसाठी मावशीकडे ठेवलं आणि पुढचं चौकशीनंतर ठरेल म्हणून सांगितलं.

सहा महिने संपत आल्यावर आम्हाला बोलावणं आलं. टेबलामागे एक अधिकारीबाई होत्या. पांढरे केस, चष्म्याला दोरी, समोर फाइल. त्या विचारत होत्या आणि लिहून घेत होत्या.

"तुमचे आईवडील?"

"वारले," मावशी म्हणाली.

"भावंडं?"

"नाहीत."

"लग्न?"

"केलं नाही. वेळ नव्हता."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही एकट्या, कामही एकटीचं. उद्या तुम्हीच अंथरुणाला खिळलात तर या मुलीचं कोण? तुमची तळमळ मला दिसतेय, पण नात्याचं कोणी असतं तर सोपं गेलं असतं. मंगळवारी अकरा वाजता घर बघायला येते. आधीच सांगून ठेवते, अवघड आहे."

मी बाकावर पाय हलवत बसले होते. अवघड म्हणजे काय ते मला बरोबर कळलं होतं. आमच्या वर्गात एक मुलगी बालगृहातून यायची. चांगली होती, माझ्याशी डबा वाटून खायची. पण तिच्या डब्यावर नाव नव्हतं, नंबर होता.

परतताना मावशी एवढंच म्हणाली, "जे आहे ते आहे. बघू." इमारतीत आल्यावर तिनं तिघांनाही बजावलं, "मंगळवारी कोणी माझ्याकडे यायचं नाही. बाईंना घर बघू दे, बाजार नको." मग ती कामाला बसली. मी मात्र काही तशी नव्हते. मी कोणावर गेलेय माहीत नाही, पण मला गप्प बसून बघणं कधीच जमलेलं नाही.

मी आधी सलूनमध्ये गेले. काका कोणाची तरी दाढी करत होते. मी त्यांच्या कानात विचारलं, "तुम्ही मावशीचे भाऊ व्हाल का? मंगळवारी अकरा वाजता."

"सख्खा की चुलत?"

"सख्खा."

"झालो," काका म्हणाले आणि पुन्हा वस्तरा चालवायला लागले.

कंडक्टरताईला मी जिन्यात गाठलं. ती म्हणाली, "तुझ्यासाठी काय वाटेल ते. थोरली बहीण होते. थोरलीचं वजन पडतं." आजोबांना मी म्हटलं, नातेवाईक व्हा. "कोण होऊ?" त्यांनी विचारलं. "तुम्हीच ठरवा," मी म्हटलं. ते म्हणाले, विचार करून ठरवतो, घाईचं काम नाही.

तिघांनाही मी कोणाला सांगू नका अशी शपथ घातली, आणि तिघांनीही ती पाळली. तिथेच सगळा घोळ झाला. बाईंनी मावशीची उत्तरं लिहून घेतली होती हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण लिहून घेतलेलं नंतर कोणी वाचतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या शाळेत तरी वाचत नसत.

मंगळवार आला. मला शाळेत पाठवलं नव्हतं. मावशीनं खळीचं पातेलं घासून लख्ख केलं होतं, पुठ्ठे एका रांगेत लावले होते. अधिकारीबाई बरोबर अकराला आल्या. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती. त्यांनी पाणी घेतलं, चहा घेतला, माझा पलंग पाहिला, माझं कपाट उघडून पाहिलं. माझ्या शाळेच्या सगळ्या वह्या मावशीनं निळ्या कापडात बांधल्या होत्या. त्यांतली एक उघडून बाईंनी शिवण बोटानं चाचपून बघितली. मग वही जपून जागेवर ठेवली. मला वाटलं, चला, जमतंय.

तेवढ्यात दार वाजलं. दारात सलूनकाका. इस्त्रीचा शर्ट, केसांना चोपडून तेल.

"काय ताई, भावाला विसरलीस काय? म्हटलं, इकडून चाललोच आहे तर सख्ख्या बहिणीला भेटून जावं."

मावशीच्या हातात सुई होती. ती तशीच राहिली.

"आपण कोण?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"सख्खा भाऊ," काका म्हणाले. "पाठचा."

बाईंनी फाइलचं पान उलटलं. त्या काही विचारणार, तोच कंडक्टरताई गणवेशातच आत आली. "अगं धाकटे, बरी आहेस ना? मी हिची थोरली बहीण," तिनं सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

मावशी तेव्हा पंचेचाळीसची होती आणि ताई पस्तिशीची.

"तुम्ही थोरल्या?" बाई म्हणाल्या.

"मी स्वतःला जपते."

बाईंनी काकांकडे वळून विचारलं, "या तुमच्या कोण?"

"शेजारीण," काका म्हणाले. सवयीनं म्हणाले बिचारे. मग ताईच्या तोंडाकडे बघून घाईघाईनं, "आणि बहीण."

अजून आजोबा यायचे होते, आणि त्यांना थांबवायला मला जागेवरून हलताही येईना. ते आलेच. तीन जिने चढून दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, कपाळावर भिंग तसंच.

"पोरी, पाणी दे," ते मला म्हणाले. मग मावशीकडे बोट दाखवून बाईंना म्हणाले, "मी हिचा बाप."

बाईंनी फाइलमध्ये बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, वडील अकरा वर्षांपूर्वी वारले."

आजोबांनी क्षणभर विचार केला. "मध्यंतरी तब्येत बरी नव्हती," ते म्हणाले.

आज हे आठवलं की मी स्टिअरिंगवर एकटीच हसते. तेव्हा कोणीच हसलं नाही. अधिकारीबाईंनी पेनाचं टोपण लावलं, फाइल मिटली आणि पिशवीत घातली.

"बाई," त्या मावशीला म्हणाल्या, "माझ्या हाताखाली अशी साठ मुलं आहेत. मला थट्टेला वेळ नाही. घरातली माणसंच खोटं सांगायला लागली तर मी मूल कोणाच्या भरवशावर ठेवू? मला हे लिहावं लागेल."

मावशी उभी राहिली. "यातलं कोणी माझ्या नात्याचं नाही. अर्जात आहे तेच खरं."

"मग हे का आले?"

"माहीत नाही. मी येऊ नका म्हणून सांगितलं होतं."

तिघं शाळेतल्या पोरांसारखे भिंतीशी उभे होते. मावशीनं एकेकाकडे पाहिलं, आणि तिचा संताप मला दिसत होता, पण त्याखाली दुसरंही काहीतरी होतं. तिनं हातातली सुई उलटी धरली होती. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. ती घाबरली होती. शिकंजा घाबरली होती, आणि माझ्यामुळे.

"मी सांगितलं त्यांना यायला," मी म्हटलं. माझा आवाज फाटका निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं. "मी सांगितलं. एकेकट्याला. त्यांना एकमेकांचं माहीत नव्हतं."

"का?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात नात्याचं कोणी असतं तर सोपं गेलं असतं. मला सोपं करायचं होतं."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. विरघळल्या वगैरे नाहीत; आवाज होता तसाच कोरडा होता.

"नातं राहू दे बाजूला," त्या मावशीला म्हणाल्या. "मी विचारते त्याचं उत्तर द्या. तुम्हाला ताप आलाय, उठवत नाही. वार सोमवार. हिला शाळेतून कोण आणतं?"

"मी," मावशीच्या आधी काका म्हणाले. "सोमवारी सलून बंद असतं."

"मंगळवार?"

"मी," आजोबा म्हणाले.

"बुधवार?"

"मी," आजोबा म्हणाले.

"मी," कंडक्टरताई म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि अधिकारीबाई, फाइल, चौकशी, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं.

"बुधवार माझा आहे आजोबा. माझी सुट्टी बुधवारी असते."

"असायची. ती शुक्रवारी गेली तेव्हा तुम्ही वार सोडलात."

"सोडला नाही, नाइलाजानं दिला! आणि परत आणली ना सुट्टी? डेपोत तीन आठवडे भांडले मी, ते काय झोपा काढायला?"

"आमचे अपूर्णांक चाललेत बुधवारी. मध्येच तोडता येणार नाहीत."

"अपूर्णांक गुरुवारी करा."

"गुरुवार माझा आहे," काका म्हणाले. "गुरुवारला कोणी हात लावायचा नाही."

"तुम्ही तिला त्या कपाटात बसवून ठेवता, डोळे जातील पोरीचे," ताई आजोबांना म्हणाली.

"आणि तुम्ही बसमधून हिंडवता. उलटी झाली तिला."

"एकदाच झाली! तीही तुम्ही आधी चार केळी चारलीत म्हणून."

"तिला केळी आवडतात."

"तिला केळी आवडत नाहीत! तुमचं मन राखायला खाते ती!"

आजोबांचा चेहरा उतरला. सगळे माझ्याकडे वळले, अधिकारीबाईसुद्धा. "आवडतात का गं?" आजोबांनी विचारलं.

"दोन आवडतात," मी म्हटलं.

"बघा," आजोबा म्हणाले. "बघा," ताईही म्हणाली.

"तुम्ही केळ्यांवरून काय भांडताय," काका मध्येच पुढे आले. "दाताच्या डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं? मी. हे बघा," त्यांनी अंगठा बाईंच्या नाकासमोर धरला, "ही खूण. हात धर म्हटलं तर चावली. डॉक्टर उभा होता ना समोर, त्याला नाही चावली. मला चावली." हे ते अशा अभिमानानं सांगत होते, जसं काही डॉक्टर त्यात हरला होता.

बाईंनी पेनाचं टोपण कधी काढलं ते मला दिसलं नाही. त्या लिहीत होत्या. लिहिता लिहिता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि आईची आठवण आली की ही कोणाकडे जाते?"

भांडण थांबलं. काकांनी अंगठा खाली घेतला. कोणीच 'मी' म्हणालं नाही.

"टेबलाखाली," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्या कामाच्या टेबलाखाली जाऊन बसते. माझ्या पायाला टेकून. मी काही बोलत नाही, शिवत राहते. तिचं झालं की ती उठते. तोवर मी उठत नाही." पुढे ती म्हणाली, "एकदा साडेतीन तास लागले. चालतं."

कंडक्टरताई खिडकीबाहेर बघायला लागली. आजोबांनी भिंग डोळ्यावर घेतलं, आणि बघायला तर समोर काहीच नव्हतं.

लिहून झाल्यावर बाईंनी फाइलमधून एक छापील कागद काढून टेबलावर ठेवला. "ज्यांच्या भरवशावर मूल असेल त्यांनी इथे नाव, पत्ता आणि मुलीशी नातं लिहायचं. आपल्या हातानं. आणि या वेळी खरं लिहा."

"नातं काय लिहू?" काकांनी विचारलं.

"जे असेल ते."

चौघं टेबलावर वाकले. मी त्यांच्या मागे उभी, मला नुसत्या पाठी दिसत होत्या. पेन बराच वेळ कोणाच्या तरी हातात अडून राहिलं, मग फिरलं, मग त्यावरून थोडी ओढाताणही झाली आणि ताई म्हणाली, "खोडू नका, खोडू नका." बाईंनी कागद घेतला, वाचला, घडी न घालता फाइलमध्ये ठेवला. जाताना जिन्यात कठड्याला धरून त्या मला म्हणाल्या, "पुन्हा असा उद्योग करू नकोस."

पुढचे दहा दिवस इमारतीत कोणाला अन्न गोड लागलं नाही. मावशी तिघांशी बोलत नव्हती, तिघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि मला सगळे सारखंच विचारत होते, जेवलीस का. अकराव्या दिवशी पत्र आलं. मावशीनं ते उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, मग जिन्यात जाऊन हाक मारली, "या सगळे." मी इथेच राहणार होते. काका रडले, ताई ओरडली, आजोबांनी काहीच झालं नसल्यासारखं शांतपणे विचारलं, "मग बुधवारचं काय?" मावशीनं निकाल दिला, एक बुधवार यांचा, एक तिचा. तो निकाल मी शाळा सोडेपर्यंत चालला.

त्यानंतरची गोष्ट साधी आहे. मी मोठी झाले. ताईच्या मागे मागे डेपोत जाऊन अर्ज केला, आणि ताई कंडक्टर तर मी ड्रायव्हर झाले, म्हणजे बसमध्ये आता मी तिच्या पुढे बसते आणि हे तिला अजून पचलेलं नाही. काकांचं सलून चालू आहे, तोंडही. आजोबा सहा वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या मुलीनं "नातेवाईक कोण?" असं विचारलं, तेव्हा आम्ही चौघं एकदम पुढे झालो आणि तिला दोनदा विचारावं लागलं. मावशी अजून शिवते. तिचे आभार मानायला गेलं की म्हणते, "कामाला लाग." म्हणून मी आभार मानत नाही. पण मनात जे आहे त्याला कृतज्ञता असाच शब्द आहे. जरा जड आहे खरा, दुसरा मिळाला नाही म्हणून हाच वापरते. या माणसांनी मला सांभाळलं नसतं तर मी जगले असते, जगतात मुलं, पण ही जी आत्ता तुमच्याशी इतक्या तोऱ्यात बोलतेय ती मी झाले नसते.

अठरा पूर्ण झाल्यावर मला बालकल्याणच्या कार्यालयातून बोलावणं आलं. माझी फाइल बंद करायची होती, सही हवी होती. अधिकारीबाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. काउंटरवर एक नवा माणूस होता. "वाचायची असेल तर वाचा," तो म्हणाला आणि फाइल माझ्यापुढे सरकवली. मी उभ्या उभ्या वाचत गेले. अर्ज, दाखले, आईचा कागद. मग तो छापील कागद आला, जो लिहिताना मला नुसत्या पाठी दिसल्या होत्या.

पहिलं नाव मावशीचं. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'तिच्या आईची मैत्रीण.' त्याखाली काकांचं नाव, आणि नात्याच्या रकान्यात, 'सोमवार, गुरुवार.' त्याखाली आजोबांचं बारीक अक्षर, 'मंगळवार, बुधवार.' त्यातला बुधवार कोणीतरी खोडला होता, आणि खोडल्यावर वर पुन्हा लिहिला होता. शेवटी ताईचं नाव, त्यापुढे ठसठशीत, दोनदा गिरवलेलं, 'बुधवार.'

कागदाच्या तळाशी अधिकारीबाईंचा शेरा होता. 'भेटीच्या वेळी तिघांनी नात्याबद्दल खोटी माहिती दिली. तिघंही खोटं बोलण्यात अगदी कच्चे आहेत. मुलीला इथून हलवू नये.'

मी ते दोनदा वाचलं. अक्षरं दिसेनाशी झाली म्हणून डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"काही चुकलंय का त्यात?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "सगळं बरोबर आहे." आणि सही केली.